दातखीळ: जबडा मिटतो जोरात, उघडतो मात्र बेताने

दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसलेल्या माणसाला कधी कधी एक साधी गोष्ट करून दाखवायला सांगतात. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवायची, हाताची कड खाली करून ती बोटे एकावर एक आणायची आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तिन्ही बोटे सहज बसतात. महाराष्ट्रात मात्र आज अशी कितीतरी तरुण मुले आहेत की ज्यांच्या तोंडात दोन बोटे कशीबशी जातात, आणि काहींच्या तोंडात एकच. पाणीपुरीची पुरी अखंड तोंडात घालता येत नाही, वडापावाचे तुकडे करावे लागतात, भाजीतले साधे तिखटही झोंबते, आणि तरीही घरच्यांना वाटते की पोराने गालात काहीतरी धरून ठेवले आहे म्हणून तो नीट बोलत नाही.

यामागे बहुधा गुटख्यातली सुपारी असते. गुटख्याचा साठा पकडल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, पण तोंड उघडत नाही म्हणजे आत नेमके काय बिघडते, हे त्या बातम्यांत येत नाही. ते समजून घ्यायचे तर आधी निरोगी तोंड कसे उघडते आणि कसे मिटते ते पाहावे लागेल. त्यातून एक गोष्ट लक्षात येते: जबडा मिटण्यासाठी निसर्गाने फार मोठी ताकद ठेवली आहे आणि उघडण्यासाठी अगदी बेताची. म्हणूनच काही बिघडले की जबडा बहुतेक वेळा मिटण्याच्या बाजूने अडकतो. आपल्या भाषेत या अवस्थेला फार नेमका शब्द आहे, दातखीळ. दारात खीळ ठोकावी तसे दात बंद होतात.

हाड एक, सांधे दोन

कानातली इवलीशी हाडे सोडली तर कवटीत हलणारे हाड एकच आहे, ते म्हणजे खालचा जबडा. वरचा जबडा कवटीला कायमचा जोडलेला असल्यामुळे तो हलत नाही. तोंड उघडणे म्हणजे खालचा जबडा खाली नेणे, एवढाच त्याचा अर्थ. या घोड्याच्या नालेसारख्या हाडाची दोन्ही टोके वर वळून कानांच्या पुढे कवटीच्या खोबणीत बसतात. कानाच्या भोकासमोर जो छोटासा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तोंड सावकाश उघडा. बोटाखाली एक गोल गाठ आधी फिरते आणि मग पुढे सरकते, हे स्पष्ट जाणवेल.

हे फिरणे आणि सरकणे महत्त्वाचे आहे. दार बिजागरीवर फिरते आणि बिजागरी जागच्या जागी राहते. जबड्याचे तसे नाही. तोंड साधारण २० ते २५ मिलिमीटर उघडेपर्यंत तो बिजागरीसारखा फिरतो, आणि त्याहून जास्त उघडायचे झाले की ती बिजागरीच कवटीवरील एका उंचवट्यावरून खाली आणि पुढे घसरते. खोबण आणि हाड यांच्यामध्ये चिवट तंतूंची एक चकती असते, तीही हाडाबरोबर पुढे जाते. घास घेण्यापुरते तोंड उघडणे आणि जांभई देणे, या दोन्हींत सांध्याचे काम असे वेगवेगळे आहे.

हाड एकच असल्याने दोन्ही सांध्यांना बरोबरीने चालावे लागते. पाळण्याची एका बाजूची कडी अडकली की पाळणा तिरका होतो, तसेच एका बाजूचा सांधा आखडला तर तोंड उघडताना हनुवटी त्या बाजूला वळते. आरशासमोर उभे राहून तोंड उघडल्यास हे स्वतःलाही दिसते.

मिटणारे तीन आणि त्यांची झोळी

चावण्याच्या मुख्य स्नायूंच्या प्रत्येक बाजूला एक अशा चार जोड्या आहेत. त्यांतल्या तीन जोड्या तोंड मिटतात. तीन मिटणारे आणि एक उघडणारा, या वाटणीतच पुढच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ आहे.

पहिला मॅसेटर. दाढा घट्ट दाबून गालाच्या मागच्या भागावर, जबड्याच्या कोपऱ्यापाशी हात ठेवला की जी टणक वडी उठते, ती मॅसेटरची. रागाने दातओठ खाणाऱ्या माणसाच्या गालफडात जे हलताना दिसते तेही हेच. दुसरा टेम्पोरॅलिस, म्हणजे कानशिलाचा स्नायू. तो कवटीच्या बाजूवर हातपंख्यासारखा पसरलेला असतो आणि खाली निमुळता होत गालाच्या हाडाखालून जाऊन जबड्याला चिकटतो. पंख्याच्या पुढच्या काड्या जबडा वर ओढतात, तर मागच्या जवळजवळ आडव्या काड्या तो मागे ओढतात. ताण आलेल्या दिवसाच्या शेवटी कानशिले ठणकतात, तेव्हा ते दुखणे डोक्याच्या आतले नसून दिवसभर दाबून धरलेल्या दातांचेही असू शकते.

तिसरा आतला टेरिगॉइड. तो बाहेरून हाताला लागत नाही. जबड्याच्या कोपऱ्याला बाहेरून मॅसेटर आणि आतून हा टेरिगॉइड असे दोघे मिळून धरतात, आणि जबडा त्यांच्यात झोळीत ठेवल्यासारखा तोलला जातो. अक्कलदाढेच्या दुखण्यात तोंड का बंद होते, याचे उत्तर या आतल्या स्नायूत आहे. त्याकडे पुढे येऊ.

येथे एक गल्लत नेहमी होते. ओठ मिटणे आणि जबडा मिटणे ही दोन वेगळी कामे आहेत. चेहऱ्याचे आणि ओठांचे स्नायू मेंदूतून निघणाऱ्या सातव्या मज्जातंतूवर चालतात, तर चावण्याचे चारही स्नायू पाचव्या मज्जातंतूच्या खालच्या शाखेवर. म्हणून चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा झालेल्या माणसाचे ओठ वाकडे होतात, पाणी पिताना ओघळते, घास गालात साचतो, तरी त्याच बाजूच्या दाढांनी चावण्याचा जोर शाबूत असतो.

अडकित्त्यात सुपारी कुठे ठेवतात?

सुपारी फोडणारा माणूस ती अडकित्त्याच्या टोकाशी कधीच ठेवत नाही, बिजागरीजवळ सरकवून ठेवतो, कारण तेथे जोर जास्त मिळतो. आपणही ऊस सोलताना पुढचे दात वापरले तरी कडक चिक्की फोडायला ती नकळत दाढेखाली नेतो. सांधा मागे कानाजवळ आहे आणि दाढा त्याला जवळ आहेत, म्हणून तोच स्नायू तेवढाच आवळला तरी पुढच्या दातांपेक्षा दाढांवर कितीतरी अधिक दाब येतो.

मात्र अडकित्ता आणि जबडा यांच्यात एक फरक आहे. अडकित्त्याला आपण टोकाला धरतो आणि सुपारी मध्ये असते. जबड्यात ओढणारे स्नायू सांध्याजवळ असतात आणि घास त्यांच्या पुढे, म्हणजे हा प्रकार चुलीवरची पोळी धरणाऱ्या चिमट्याच्या अधिक जवळचा आहे. चिमट्यात जोर थोडा वाया जातो, पण हालचाल मोठी आणि चपळ होते. तोटा असूनही आपल्या दाढांवरचा दाब निरोगी प्रौढात साधारण ५० ते ७० किलो वजनाइतका भरू शकतो, यावरून हे स्नायू किती दणकट असतील याची कल्पना येते.

मॅसेटर हा शरीरातला सर्वांत बलवान स्नायू आहे, असे विधान सर्रास वाचायला मिळते. ते सरसकट खरे नाही. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू आकाराने मोठे आहेत आणि एकूण जोरही त्यांचा अधिक आहे. मॅसेटर आखूड आणि दाट आहे, तो सांध्याजवळ बसतो आणि त्याचा दाब दाढेच्या इवल्याशा पृष्ठभागावर एकवटतो. त्यामुळे आकाराच्या मानाने त्याचे काम डोळ्यांत भरते, एवढेच म्हणता येईल.

भातात खडा लागला की काय होते

एवढी ताकद तोंडात बाळगायची तर तिला आवर घालणारी यंत्रणाही हवी. दात हाडात खिळ्यासारखे रुतलेले नसतात. प्रत्येक दात बारीक तंतूंच्या गादीवर टांगलेला असतो, आणि त्या तंतूंत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. मऊ भात चावताना अचानक खडा लागला तर आपण विचार करण्याच्या आधीच जबडा थबकतो. मिटणाऱ्या स्नायूंना मिळणारा हुकूम त्या क्षणापुरता तुटतो. कडक सुपारी फुटली की दोन्ही बाजूंचे दात एकमेकांवर आदळून फुटत नाहीत, तेही अशाच झटपट आवरण्यामुळे. कवळी लावणाऱ्या वृद्धांच्या तोंडात हे दातांचे तंतू उरलेले नसतात, म्हणून त्यांना घास किती दाबावा याचा अंदाज पुन्हा नव्याने शिकावा लागतो. घरातल्या कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांना जेवायला वेळ लागतो तेव्हा ही अडचण लक्षात ठेवावी.

विश्रांतीत वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात, त्यांच्यात दोन-चार मिलिमीटरची फट असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. ओठ मिटलेले, दात सुटलेले, ही जबड्याची विसाव्याची स्थिती आहे. हा मजकूर वाचताना ज्यांच्या दाढा एकमेकींवर दाबलेल्या असतील, त्यांचे स्नायू विनाकारण कामावर आहेत.

मग उघडते कोण?

चौथी जोडी बाहेरच्या टेरिगॉइडची. हा आखूड स्नायू कवटीच्या तळापासून जवळजवळ आडवा मागे जातो आणि जबड्याच्या सांध्यातल्या गाठीला व चकतीला धरतो. दोन्ही बाजूंचे एकदम आवळले की गाठ पुढे सरकते आणि तोंड मोठे उघडते. एकाच बाजूचा आवळला तर जबडा विरुद्ध बाजूला सरकतो. उजवा-डावा असे आळीपाळीने चालले की दाढा जात्याच्या पाळ्यांसारख्या एकमेकींवर फिरतात, आणि भाकरीचा घास नुसता दाबला न जाता दळला जातो. गायीचे रवंथ पाहताना हे आडवे फिरणे सहज दिसते.

त्याला मदत करतात हनुवटीखालचे काही पातळ स्नायू. गळ्याच्या वरच्या भागात हायॉइड नावाचे नालेच्या आकाराचे एक छोटे हाड आहे, जे दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांध्याने जोडलेले नाही, फक्त स्नायूंनी आणि बंधांनी अधांतरी तोललेले आहे. खालून इतर स्नायूंनी ते स्थिर धरले की त्याच्यापासून हनुवटीकडे जाणारे स्नायू जबडा खाली ओढतात. वजनही खाली ओढतेच. बसल्या बसल्या झोप लागलेल्या प्रवाशाचे तोंड आपोआप उघडे पडते, कारण जागेपणी मिटणारे स्नायू जबड्याला थोडे थोडे तोलून धरत असतात आणि झोपेत ती पकड सैल होते.

उघडण्याच्या कामात अडथळा नसतो. घास असतो तो मिटताना, उघडताना तोंडात फक्त हवा येते. म्हणून येथे मोठी ताकद बाळगण्याचे कारणच नव्हते. याचे टोकाचे उदाहरण मगर आहे. सांगलीजवळ कृष्णेत किंवा चिपळूणला वाशिष्ठीत ज्या मगरी आढळतात, त्यांचा चावा हाडे मोडतो. पण मिटलेले तोंड एकदा दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधले की तीच मगर ते उघडू शकत नाही. मगरी पकडून सुरक्षित जागी सोडणारे लोक याच गोष्टीच्या भरवशावर काम करतात.

तोंड उघडेच राहिले तर?

जांभई देताना एखाद्याचा जबडा निसटतो आणि तोंड उघडेच राहते, असा प्रकार पुष्कळांनी पाहिलेला किंवा ऐकलेला असेल. वर म्हटलेली ती गाठ उंचवट्यावरून इतकी पुढे जाते की परतीच्या वाटेवर उंचवटाच आडवा येतो. घाबरलेला माणूस तोंड मिटायचा प्रयत्न करतो, मिटणारे दणकट स्नायू आवळतात, आणि गाठ उंचवट्याच्या पुढच्या बाजूला आणखी घट्ट अडकते. म्हणजे तोंड उघडे अडकले तरी अडकवून ठेवणारे हात मिटणाऱ्या स्नायूंचेच.

म्हणून उपचारात जबडा नुसता मागे ढकलत नाहीत. डॉक्टर अंगठे खालच्या दाढांच्या बाजूला टेकवून जबडा आधी खाली दाबतात, स्नायूंची ओढ मोडतात आणि मग मागे नेतात. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावाने ही रीत ओळखली जाते. सुश्रुतसंहितेतही निखळलेल्या हनुसंधीला, म्हणजे जबड्याच्या सांध्याला, शेक देऊन तो बसवावा आणि नंतर पंचांगी नावाचा पट्टा बांधावा, असे सांगितले आहे. घरी मात्र कोणी हा प्रयोग करू नये. सांधा बसताक्षणी दाढा जोरात मिटतात आणि बसवणाऱ्याचे अंगठे त्यांच्यामध्ये असतात.

धनुर्वातात आधी जबडाच का आखडतो?

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. गंजलेला खिळा हे निमित्त, खरे कारण जखमेत गेलेली माती. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूकडे आणि मेंदूच्या खालच्या भागाकडे सरकते.

स्नायूला आवळण्याचा हुकूम जसा मिळतो, तसा सैल राहण्याचाही मिळतो. सैल सोडणाऱ्या पेशी ज्या रसायनांनी आपला निरोप पोचवतात, त्यांची वाटच हे विष अडवते. ब्रेक निकामी झालेल्या गाडीसारखी स्थिती होते. सगळे स्नायू एकदम आवळतात आणि अशा ओढाताणीत जो बलवान तो जिंकतो. पाठीत मागे वाकवणारे स्नायू बलवान, म्हणून शरीर धनुष्यासारखे वाकते. जबड्यात मिटणारे बलवान, म्हणून दातखीळ बसते. जबड्याचे मज्जातंतू पायांच्या तुलनेत फार आखूड असल्यामुळे विषाला तेथे पोचायला कमी अंतर पडते, आणि पायाला जखम असली तरी पहिले लक्षण बहुधा तोंडात दिसते.

नवजात बाळाची नाळ अस्वच्छ पात्याने कापली जात असे त्या काळात या रोगाने अगणित बाळे गेली. अंगावर पिणारे बाळ अचानक पिईनासे होणे, हे त्याचे पहिले चिन्ह असे. गरोदर स्त्रियांचे लसीकरण आणि दवाखान्यातील बाळंतपण यांमुळे २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. जंतू मातीत तसेच आहेत, त्यामुळे लस थांबवता येत नाही.

चेहरा निमुळता दिसावा म्हणून मॅसेटरमध्ये टोचले जाणारे बोटॉक्स हे याच जंतूच्या भावंडाचे विष आहे. फरक जागेचा आहे. धनुर्वाताचे विष सैल सोडणारा निरोप अडवते, तर बोटॉक्स मज्जातंतू आणि स्नायू जेथे भेटतात तेथेच आवळण्याचा निरोप अडवते, आणि तेवढा स्नायू काही महिने लुळा पडतो. रात्री तीव्रपणे दात खाणाऱ्या काही रुग्णांत त्याचा उपयोग करतात. केवळ रूपासाठी ते वारंवार घेणाऱ्यांनी एवढे जाणावे की जबड्याचे हाड त्याच्यावर पडणाऱ्या ताणामुळे भक्कम राहते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत स्नायू लुळा पाडल्यावर त्या भागातले हाड विरळ झालेले आढळले आहे.

फिट आल्यावर तोंडात चमचा घालावा का?

घालू नये. फिट आलेल्या माणसाची दातखीळ बसते ती मेंदूतून मिटणाऱ्या स्नायूंना सुटलेल्या हुकमांमुळे. समोर ५० ते ७० किलोचा दाब असताना चमच्याने तो उचकटता येत नाही. उलट दात तुटतो, तुटलेला तुकडा श्वासनळीत जाण्याची भीती असते आणि मदत करणाऱ्याचे बोट चावले जाते. जीभ गिळली जाईल ही समजूतही चुकीची आहे, जीभ तळाशी बांधलेली असल्याने ती गिळता येत नाही. ती चावली गेली तर रक्त येते, पण ती जखम भरून निघते.

कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, आणि त्याच वेळी नाकाशी कांदा धरलेला असल्यामुळे श्रेय कांद्याला मिळते. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, कॉलर सैल करावी आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अक्कलदाढ, दात खाणे आणि घोटीव जबड्याचा सोस

खालच्या अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजली की ती सूज शेजारच्या आतल्या टेरिगॉइडपर्यंत पोचते. दुखऱ्या जागेची हालचाल थांबावी म्हणून स्नायू आकसून धरतो, आणि सकाळी उठल्यावर तोंड उघडत नाही. दाढ बधिर करण्याची सुई याच स्नायूच्या बाजूने जाते, म्हणून दाढ काढल्यावरही काही दिवस असे होऊ शकते. सूज उतरली की हे बहुधा सुटते.

झोपेत दात खाणाऱ्या मुलाच्या पोटात जंत असतात, ही समजूत घरोघरी आहे. जंत असतील तर त्यांचे औषध द्यावे, पण दात खाण्याचे नेहमीचे कारण ते नव्हे. मुलांत ही सवय बहुधा वाढत्या वयाबरोबर जाते. मोठ्यांत ताण, अपुरी झोप, मद्य, तंबाखू आणि काही औषधे यांच्याशी तिचा संबंध आढळतो.

जबडा घोटीव दिसावा म्हणून कडक गम किंवा रबरी गोळे तासन्‌तास चावण्याची टूम आली आहे. मॅसेटर त्याने थोडा फुगेलही, परंतु जबड्याची रेघ मुख्यतः हाडाच्या ठेवणीने आणि त्वचेखालच्या चरबीने ठरते. त्या बदल्यात सांध्यातल्या चकतीवर दिवसभर भार पडतो. तोंड उघडताना नुसता कट् आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर बहुधा उपचार लागत नाही. दुखू लागले किंवा जबडा मध्येच अडकू लागला, तर मात्र दाखवावे.

सुपारीने तोंड कसे बंद होते?

आता पुन्हा त्या तीन बोटांकडे येऊ. गुटखा, मावा किंवा खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात सुरुवातीला स्नायू आणि सांधा दोन्ही निरोगी असतात. बिघडते ते गालांच्या आतले अस्तर. निरोगी अस्तर मऊ आणि ताणले जाणारे असते, जबडा खाली गेला की ते त्याच्याबरोबर लांबते. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य अस्तराखालच्या पेशींना कोलॅजेन नावाचे चिवट तंतू अधिकाधिक तयार करायला लावते. सुपारीत तांबेही असते आणि ते या तंतूंचे एकमेकांना सांधणे वाढवते. शिवाय सुपारीतली तुरट टॅनिन द्रव्ये या तंतूंना सहज न विरघळणारे करतात. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात तेव्हा हेच घडते. टॅनिन कातड्यातील कोलॅजेनला धरते, म्हणून ते कुजत नाही आणि कडक होते. दिवसातून दहा-वीस वेळा गालात सुपारी धरणारा माणूस आपला जिवंत गाल आतून कमावत असतो. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण याहून नेमकी उपमा मला सापडली नाही.

हळूहळू अस्तर पांढुरके होते, आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाहीत. उघडणारे स्नायू आधीच बेताचे. घट्ट झालेल्या गालांविरुद्ध त्यांचा टिकाव लागत नाही. पुढच्या टप्प्यात गालामागचे स्नायूही तंतूंनी भरतात आणि झिजतात. १९५२ साली केनियातील पाच भारतीय स्त्रियांत हा विकार प्रथम नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांचे वर्णन केले, आणि १९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी केलेली त्याची व्याख्या आजही उद्धृत होते. वैद्यकात त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तो स्वतः कर्करोग नव्हे, परंतु ज्यातून कर्करोग उद्भवू शकतो अशा विकारांत त्याची गणना आहे.

"मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो"

तोंड बंद करणारा मुख्य पदार्थ सुपारीच आहे. तंबाखू नसलेल्या पानमसाल्यानेही हा विकार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखूविनाही, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. सुगंधित सुपारीची पुडी मुलाच्या हाती देणाऱ्या प्रत्येक घराला हे कळायला हवे.

"आमचे आजोबा जन्मभर पान खात होते"

खात होते, आणि त्यांच्यातही हा विकार होत असे. पण जेवणानंतरच्या विड्यात ओले पान असते, सुपारीची चार खांडे असतात आणि विडा संपला की तोंड रिकामे होते. पुडीत जवळजवळ सगळी कोरडी सुपारी, वर काथ, चुना, सुगंध, आणि ती गालात तासन्‌तास राहते. पुडी खाणाऱ्यांत हा विकार पान खाणाऱ्यांपेक्षा कमी वर्षांत होतो, असे आढळले आहे.

"बंदी आहे ना?"

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, आणि पुढील आदेशांत सुगंधित सुपारी, खर्रा, मावा यांचाही समावेश केला. हे आदेश वर्षापुरते असतात आणि त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली जाते. साठे पकडले जातात, याचाच अर्थ माल येतो. शाळकरी मुलाला तो कोठे मिळतो, हे गावातल्या मोठ्या माणसांना बहुधा माहीत असते, आणि त्यांनी ते सांगितल्याशिवाय कोणतेही खाते एकट्याने तो बंद करू शकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

"सुपारी सोडली तर तोंड पुन्हा उघडेल का?"

सोडल्याने विकाराची वाढ थांबते, तिखट झोंबणे कमी होऊ शकते, पण तयार झालेले पट्टे आपोआप विरघळत नाहीत. लवकर सोडणाऱ्याचे तोंड औषधे, गालात दिली जाणारी इंजेक्शने आणि व्यायाम यांनी काही प्रमाणात मोकळे करता येते. फार उशीर झाला तर पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोरची पहिली अडचण हीच असते की श्वासाची नळी घालण्यापुरतेही तोंड उघडत नाही.

व्यायामाला महागडे साधन लागत नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून डाव्या-उजव्या दाढांमध्ये ठेवतात, ताण जाणवेपर्यंत तोंड उघडे धरतात आणि काही दिवसांनी एक काडी वाढवतात. शस्त्रक्रियेनंतरही हा व्यायाम महिनोन्‌महिने चालू ठेवावा लागतो, नाहीतर गाल पुन्हा आकसतात. उघडलेले तोंड पुढच्या दातांच्या कडांमध्ये पट्टीने मोजावे. निरोगी प्रौढात हे अंतर साधारण ४० ते ५० मिलिमीटर भरते, ३५ हून कमी असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मुलांचे अंतर त्यांच्या वयाप्रमाणे कमी असते, म्हणून त्यांच्यासाठी त्यांच्या स्वतःच्या तीन बोटांचे माप धरावे. जो सुपारी सोडतो आहे त्याने महिन्यातून एकदा, त्याच पट्टीने आणि शक्यतो सकाळी, हे माप घेऊन तारखेसह वहीत लिहावे आणि पुढच्या वेळी ती वही डॉक्टरांकडे घेऊन जावी.